ओल्या पट्ट्यावरची कोरडी जागा

टायर तपासायच्या त्या जागेला सगळे नुसता 'पट्टा' म्हणत. सरळसोट डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचे पाइप, पाइपांना भोकं. चावी फिरवली की दोन्हीकडून पाणी उडायचं आणि भर उन्हातही तेवढ्या तुकड्यावर पाऊस पडायचा. गाडी ठरलेल्या वेगाने यायची, पुढची चाकं पांढऱ्या पट्टीवर आली की चालकाने ब्रेक दाबायचा, आणि गाडी जिथे थांबेल तिथे एकाने जाऊन खूण करायची. दिवसभर हेच चालायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या लोकांना दुसरा उद्योग नाही.

खूण करणाऱ्याला खडूवाला म्हणत, कारण त्याच्या खिशात कायम खडू असायचा, धुवायला टाकलेल्या पँटमध्येसुद्धा. ओल्या डांबरावर खडू उमटत नाही, म्हणून तो पट्ट्याच्या कडेच्या सिमेंटच्या कठड्यावर रेघ मारायचा. गाडी चालवायची ती मास्तरीण. पूर्वी ती लोकांना गाडी शिकवायची, तेव्हा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. ही मास्तरीण खडूवाल्याची लग्नाची बायको होती. घरी ती सांगायची आणि तो ऐकायचा, पट्ट्यावरही तेच. त्यामुळे त्याला दोन ठिकाणी वेगवेगळं वागायचा त्रास नव्हता.

तिच्या गाडी चालवण्याचं त्याला मनापासून कौतुक होतं आणि ते तो लपवतही नसे. बाकीचे चालक ब्रेकवर पाय आपटायचे, ती पाय ठेवायची. गाडी हातातून सुटायला लागली की बाकीच्यांचे खांदे वर जायचे, हिचे खाली यायचे. बसल्या जागी तिला सीटमधून रस्ता कळतो, असं तो भेटेल त्याला सांगायचा. ऐकणारे म्हणायचे, याला बायकोचं वेड आहे. तो म्हणायचा, आहेच.

त्या सुमारास एका कंपनीचे स्वस्तातले टायर तपासायला आले. दिसायला देखणे, काळेभोर, वरची नक्षी तर अशी की दृष्ट लागावी. कोरड्या रस्त्यावर त्यांनी महागड्या टायरांशी बरोबरी केली. मग पाणी सोडलं आणि त्यांचे खरे रंग दिसले. चांगला टायर चाकाखालचं पाणी बाजूला ढकलतो आणि डांबर धरतो. हे पाण्याच्या वरवरच तरंगायला लागले. मास्तरणीने ब्रेक दाबला, चाकं फिरायची थांबली, गाडी मात्र थांबायचं नाव घेईना. कठड्यावर चांगल्या टायरांची जी रेघ होती तिच्यापुढे आख्खा चौक ओलांडावा इतकी लांब जाऊन ती थांबली.

"रबर आहे का साबण आहे हा?" उतरत मास्तरीण म्हणाली.

संच नापास झाला. कंपनीला ते पटलं नाही. तिने दुसरा संच पाठवला आणि फेरतपासणी मागितली. तोवर ते टायर दुकानादुकानांतून विकले जायलाही लागले होते. नापास संच मशीनवर कापून टाकायचा, हा पट्ट्याचा नियम आणि हे काम खडूवाल्याचं. पण घरच्या जुन्या गाडीचे टायर झिजून गुळगुळीत झाले होते, आणि हे चार समोर नवेकोरे पडले होते.

"नकोत हो," मास्तरीण म्हणाली. "पाण्यात काही खरं नाही त्यांचं."

"पाण्यात गाडी चालवणार कोण? तूच ना? तुला लाकडाची चाकं लावून दिली तरी तू थांबवशील."

ती हसली. नवऱ्याच्या तोंडचं कौतुक तिला नवं नव्हतं, पण अजूनही गोड लागायचं. "बरं, पावसाळा लागेपर्यंत," ती म्हणाली, आणि टायर घरी गेले. लेकही ती गाडी अधूनमधून चालवते, हे त्या घटकेला दोघांच्याही डोक्यात आलं नाही. गाडी म्हणजे मास्तरीण, असंच दोघं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी फेरतपासणी सुरू झाली. पाणी सोडून खडूवाला कठड्याच्या कडेने चालत गेला तेव्हा त्याला ती जागा दिसली. चांगल्या टायरांच्या रेघेच्या पुढे आणि स्वस्त टायरांच्या रेघेच्या अलीकडे, जेवायच्या ताटाएवढं डांबर कोरडं होतं. वरून पाणी पडत होतं, चारी बाजूंनी वाहत होतं आणि तेवढंच कोरडं होतं.

पाइपाचं एखादं भोक बुजलं असेल म्हणून त्याने तार घालून सगळी भोकं साफ केली. मग बादली आणून त्या जागेवर ओतली. पाणी पडलं, पण टेकलं नाही. बाजूला होऊन निघून गेलं. त्याने खाली बसून हात लावून बघितला. डांबर गार नव्हतं, तापलेलंही नव्हतं. नुकतंच कोणी उठून गेल्यावर अंथरूण लागतं, तसं लागलं. सवयीने त्याने खडू काढून कडेने रेघ ओढली. खडू स्वच्छ उमटला.

पट्ट्याच्या साहेबांनी येऊन बुटाने घासून बघितलं. "तेल मुरलं असेल डांबरात," ते म्हणाले. "तेलावर पाणी ठरत नाही." ते सगळ्यांनी मान्य केलं, कारण मान्य केल्याशिवाय कामाला लागता येत नव्हतं.

फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत गाडी घसरत त्या जागेवरून गेली आणि पुढे थांबली. चौथ्या की पाचव्या फेरीनंतर मास्तरीण उतरली ती हात पुसत.

"अहो, तिथे चाकाला काहीतरी लागतंय."

"खड्डा नाही. मी बघितलंय."

"खड्डा असता तर कडक लागलं असतं," ती म्हणाली. "हे मऊ लागतं."

त्याने उगीचच टायरातली हवा तपासली.

पुढच्या दिवसांत जागा वाढत गेली. आधी उशीएवढी झाली, मग लांबट. खडूवाला रोज कडेने रेघ ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी कालची रेघ आत राहून जागा बाहेर सरकलेली असायची. मग ती एका टोकाला निमुळती झाली आणि एका बाजूने तिला फाटा फुटला. पाऊस सुरू व्हायच्या आधी रस्त्यावर काही पडलेलं असलं, आणि पावसातच कोणी ते उचलून नेलं, तर खाली अशी कोरडी जागा राहते, हे त्याच्या मनात आलं. काय पडलेलं असेल, हे मात्र त्याने मनात येऊ दिलं नाही.

नियमाप्रमाणे ब्रेक एकदाच आणि पूर्ण दाबायचा असतो. नियमाच्या फेऱ्या संपल्या, बाकीचे हातपाय धुवायला गेले, की मास्तरीण गाडीतच बसून राहायची. "अजून एकदा पाणी सोडा," म्हणायची. मग त्याच टायरांवर, त्याच वेगाने ती आपल्या पद्धतीने गाडी थांबवायला बघायची. दाबायचं, सोडायचं, चाकाला जरा फिरू द्यायचं, पुन्हा दाबायचं. गाडी घसरायची, सावरायची, पुन्हा घसरायची. रोज ती कालच्यापेक्षा थोडी अलीकडे थांबायची, आणि तरी त्या जागेवरून जायचीच.

खडूवाला कठड्याशी उभा राहून बघायचा. त्याचा ऊर भरून यायचा. असल्या टायरांवर, असल्या पाण्यात कोणी इतक्या अलीकडे गाडी थांबवू शकतं, हे दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्याने थाप म्हणून सोडून दिलं असतं. आणि हे बघायला तो एकटा होता. त्याला वाटायचं, सगळं गाव बोलावून दाखवावं.

"पुरे की आता," एकदा तो म्हणाला. "अहवालात तर हे येणार नाही. कशाला जिवाला त्रास करून घेतेस?"

"रोज त्याच्यावरून गाडी जाते. मला ते सहन होत नाही."

"त्याच्यावरून म्हणजे? कोणाच्या?"

मास्तरणीने काच वर केली.

मग एका दुपारी अवेळीच आभाळ भरून आलं आणि खरा पाऊस कोसळायला लागला. काम थांबलं, पाइपांची चावी बंद झाली, साहेब आणि बाकीचे आत गेले. दोघं शेडच्या तोंडाशी उभी होती. सगळा पट्टा पाण्याने चकाकत होता. ती जागा मात्र या पावसातही कोरडी होती, आणि आता तिचा आकार कोणालाही कळला असता. डोकं होतं, खांदे होते. एक हात बाजूला पसरलेला होता, आणि हाताच्या पुढे काठीएवढी बारीक कोरडी रेघ.

खडूवाल्याचा फोन वाजला. लेकीचा निरोप होता. त्याने तो मोठ्याने वाचला. "बाबा, आज गाडी मीच नेली होती. पाऊस फार आहे, बसने येऊ नका. ऑफिसातून निघालेय, तुम्हाला दोघांना घ्यायला येते."

त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे लेकीला आईनेच शिकवलं होतं. त्याने पुन्हा लावला.

"टायर," तो म्हणाला. "अगं, ते टायर..."

मास्तरीण ऐकत नव्हती. ती त्या जागेकडे बघत होती. मग ती पावसात उतरली आणि तपासणीच्या गाडीकडे चालायला लागली.

"कुठे निघालीस? ती वाटेत आहे. आता कुठे गाठणार तिला?"

"इथेच," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

गाडी मागे गेली, पार टोकाला, पावसात दिसेनाशी झाली. मग तिचे दिवे दिसले.

नेहमीच्याच वेगाने ती आली. पांढरी पट्टी. ब्रेक.

गाडी घसरली. पाण्याचे दोन पडदे उडाले. खडूवाला कठड्याच्या कडेने धावत सुटला.

दाब. सोड. दाब.

गाडी तिरपी झाली आणि सरळ झाली. चांगल्या टायरांची रेघ मागे पडली.

सोड. दाब. सोड.

काचेतून त्याला तिचे खांदे दिसले. ते खाली होते.

दाब.

गाडी थांबली. पुढचं चाक त्या बारीक रेघेच्या टोकाला टेकलं होतं, आणि त्याच्या पुढे सगळं अंग कोरडं, तसंच पडलेलं होतं.

मग त्याच्या डोळ्यांदेखत कडेकडेने पाणी आत शिरलं. आधी हात भिजला, मग खांदे, शेवटी डोकं. त्याने वाकून खडू टेकवून बघितला. उमटला नाही.

मास्तरीण स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती. तो दाराशी गेला आणि तिचा हात धरून उभा राहिला. तसं तिच्या पायाला हात लावावा असं त्याच्या मनात आलं होतं.

फोन वाजला.

"बाबा, मी ठीक आहे. कोणाला काही झालं नाही," लेक म्हणाली. "उतारावरून चौकात येत होते. एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत होते. मी ब्रेक दाबला तर गाडी थांबेचना, नुसती वाहत निघाली. माझे पायच गेले बाबा. आणि मग ब्रेक आपोआप सुटला. परत दाबला गेला. परत सुटला. मी काही करत नव्हते. आजोबांच्या काठीला लागून गाडी थांबली. ते मलाच विचारत होते, पोरी, तुला लागलं का?"

खडूवाल्याने फोन बायकोच्या कानाला लावला.

"आई," लेक हळूच म्हणाली. "माझ्या पायावर पाय होता कोणाचा तरी. गाडी शिकवताना तू ठेवायचीस तसा."

"गाडी कडेला घे आणि किल्ली काढून ठेव," मास्तरीण म्हणाली. "आम्ही येतो."

त्याच संध्याकाळी ते चार टायर पट्ट्यावर परत आले आणि मशीनवर कापले गेले. कापताना मास्तरणीने ते धरले. दुसरा संचही नापास झाला, अहवाल वर गेला. साहेब म्हणाले, आता विक्री थांबेल; विकले गेलेत ते काय, लोकांच्या गाड्यांना लागलेले असणारच. बोलता बोलता त्यांनी चहा मागवला.

सकाळी पट्ट्यावर लख्ख ऊन होतं. रात्री दोघांनाही छान झोप लागली होती. खडूवाल्याने शीळ घालत पाइपांची चावी फिरवली, पाणी उडालं, डांबर काळं व्हायला लागलं. तो कठड्याच्या कडेने निघाला आणि चार पावलांवर थांबला.

पांढऱ्या पट्टीच्या जरा पुढे ताटाएवढी जागा कोरडी होती. तिच्या पुढे दुसरी. डावीकडे दोन, मग एक, मग नजर पोचेल तिथवर सगळ्या पट्ट्यावर. पाणी त्यांच्यामधून वाट काढत वाहत होतं.

त्याने वळून बघितलं. मास्तरणीने गाडी टोकाला नेऊन उभी केली होती. ती पुढे वाकून काचेतून बघत होती, आणि तिला सगळं दिसलं होतं. तिने सीट मागेपुढे करून पाय नीट पोचतात का ते बघितलं. सीटबेल्ट लावला.

"पाणी बंद करू नका," तिने हाक मारून सांगितलं. "संध्याकाळपर्यंत चालू दे."

त्या क्षणी तो तिच्यावर जितका भाळला तितका लग्नाच्या दिवशीही भाळला नसेल. त्याने मान हलवली आणि खडू काढून पहिल्या जागेशी खाली बसला. बसल्यावर त्याला दिसलं की तिथे एक नाही, शेजारीशेजारी दोन जागा आहेत, एक मोठी आणि एक लहान, आणि मोठीपासून लहानपर्यंत मध्ये एक बारीकशी कोरडी रेघ आहे, बोट धरल्यासारखी.