न उडालेली पाच काडतुसं

आमच्या आजोबांचं, आबांचं, रिव्हॉल्व्हर शोधायला आम्ही तिघं, मी, माझा चुलतभाऊ गणराज आणि रघूकाका, कार्तिक अमावास्येला, उजाडताना, समुद्रालगतच्या घळीत उतरलो. परवान्याचं हत्यार माणूस गेल्यावर पोलिसांत जमा करावं लागतं. लोकांना सांगायला तेवढं कारण पुरेसं होतं. माझं कारण वेगळं होतं. महिन्यापूर्वी कापणीला आलेल्या भातात रानडुक्कर शिरलं. हवेत बार काढून ते हुसकायला आबा गेले आणि त्याच्या धडकेनं कड्यावरून इथे खाली पडले. शेजारच्या शेतातल्या रघूकाकांनी ऐकलं होतं. "एकच बार झाला, पोरी," ते म्हणाले होते. "तोबी उशिरा."

सहा काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरमधून एकच का?

त्यातली पाच मी आणलेली होती. आबांकडे जुनं एकच उरलं होतं आणि परवान्याचं नूतनीकरण कचेरीत अडकलं होतं. गणराज न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. त्याच्याकडे नवं पिस्तूल आहे. आबांच्या रिव्हॉल्व्हरवर बत्तीस बोअर कोरलेलं, त्याच्या काडतुसांच्या डब्यावरही बत्तीस. मी पाच मागितली, त्यानं दिली. घरातल्या घरात मागायला कागद कोण बघतो? आबांनी एक रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात घालून पाहिलं. "आखूड वाटतंय जरा," म्हणाले, आणि भरलं.

ओहोटी पूर्ण लागलेली होती. एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडले होते. त्यांवरच्या कालवांच्या धारेनं तळहात कापत होते. तासभर आम्ही कपारी चाचपल्या. शेवटी एका खाचेत रघूकाकांचा कोयता लोखंडावर वाजला.

गंजलेलं चक्र त्यांनी दगडानं ठोकून उघडलं. पाच काडतुसं जशीच्या तशी. प्रत्येकाच्या बुडावर चाप ओढल्यावर आपटणाऱ्या घोड्याची खूण होती, पण सुई टोचल्याएवढी पुसट. सहावं लांब, जुनं, रिकामं.

"माल खराब निघाला असेल, ताई," गणराज म्हणाला. "दमट हवा."

 पाणी घोट्याला लागलं होतं.

वर जायची वाट एकच. अर्ध्यावर रघूकाका थांबले. पुढे करवंदीच्या जाळीत रानडुकराची मादी उभी होती, पायांत पिल्लं. तिनं मान खाली घातली.

"हलू नका," रघूकाका पुटपुटले.

मागे लाट फुटली. माझा पाय निसटला, दगड गडगडत गेला. मादी सुटली! गणराजनं पिस्तूल आभाळाकडे धरून चाप ओढला. बार झाला! लगेच दुसरा! घळ दणाणली. मादी हातभरावरून वळली आणि पिल्लांसकट झाडीत घुसली.



"कुठल्या डब्यातली?" मी विचारलं.

गणराजनं पिस्तूल खाली केलं. "तुला दिली त्याच."

माल चांगला होता. त्याच्या पिस्तुलात नीट बसणारं काडतूस आबांच्या चक्रात सैल, आत सरकलेलं राहिलं होतं. घोडा पोचला, पण पुरता नाही. आबांनी पाच वेळा चाप फुकट ओढला होता.

कड्यावर आल्यावर गणराजनं हात पुढे केला. "ती पाच पाण्यात टाकू. माझं लायसन जाईल, ताई."

"जाईल. माझ्यावरही केस होईल."

"न्हाय बोललात तर कोन इचारनार हाय?" रघूकाका हळू म्हणाले.

"मी विचारीन, काका. रोज."

गणराजनं पुढे केलेला हात मागे घेतला. मग त्यानं उतरायला आणलेला दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. "चल. ठाण्यात आधी मी बोलतो."

रिव्हॉल्व्हर मी आबांच्या पंच्यात गुंडाळलं. ठाण्याकडे जाताना गाडीत वाटभर ते मांडीवर होतं. भरवशाचं जुनं काडतूस एकच होतं, आणि ते आबांनी चक्राच्या शेवटच्या घरात ठेवलं होतं. आधीच्या पाच घरांत मी आणलेली.