डावीकडचं दार

"पिंट्या, परत लाव बरं ते दार!" अनिरुद्ध ओरडला.

देवश्रीच्या धाकट्या भावानं, पिंटूनं, हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि गाडीचं मागचं डावं दार जोरात ओढलं. खडाक!

"आता उजवीकडचं लाव."

धप्प!

"ऐकलंस, देवश्री? बाकीची दारं धप्प वाजतात आणि हे एकटंच खडाक!"

"जुनी गाडी आहे रे दादा. सर्दी झाली असेल तिला," पिंटू म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

देवश्री हसली नाही. हल्ली तिला हसूच येत नसे. दिवाळीची सुट्टी लागली होती, चुलतभाऊ अनिरुद्ध हिंगोलीहून राहायला आला होता, तरी सेनगाववरचं आभाळ उघडायला तयार नव्हतं. परतीच्या पावसानं काढलेलं सोयाबीन भिजवलं होतं. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली झाकलेल्या ढिगांमधून कुबट वास येई. आणि घरात आई, रेवती, आजारी होती. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त शुद्ध करून घ्यायला तिला सारखं हिंगोलीच्या दवाखान्यात जावं लागे, आणि येताना एसटीच्या खिडकीला डोकं टेकून ती डोळे मिटून बसे. मागच्या खेपेला बसमधून उतरताना ती पायरीवरच कोसळली. त्या दिवसापासून बाबांनी, म्हणजे राधाकृष्णरावांनी, एकच ध्यास घेतला होता. गाडी!

बाबा कॉलेजात कारकून होते. त्यांचे शाळेतले मित्र प्रमोदकाका हिंगोलीत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करत. त्यांनीच ही चंदेरी, डिक्कीवाली गाडी अंगणात आणून लावली होती. "वाशीमच्या एका डॉक्टरची आहे. देवदर्शनाला तेवढी बाहेर काढायचा. पाडव्यापर्यंत ठेव, चालवून बघ, मग पूजा करू," असं सांगून ते गेले होते. आई मागं डावीकडं बसेल, दाराला उशी लावून देऊ, इथपर्यंत बाबांचं ठरलंही होतं.

पिंटू आतून पुसायला मागच्या सीटपुढं शिरला आणि किंचाळला, "ई! पचक झालं! खाली पाणी आहे!"

तिघांनी मॅट उचलली. खालचा गालिचा चिंब होता. रात्रीचा पाऊस त्याच दारातून आत आला होता. ओल्या मातीचा आणि गंजाचा वास भपकन नाकात शिरला.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, तर ते चिडलेच. "अरे, जुनी गाडी आहे! थोडंफार असणारच. हेडलाईट पिवळे पडलेत, छताचं कापड लोंबतंय, बंपरला ओरखडे आहेत. मला का दिसत नाही? पण चालते ना बराबर?" त्यांनी प्रमोदकाकांना फोन लावला. पलीकडून मोठ्ठं हसू ऐकू आलं. "दाराचं रबर बदलून देतो रे! आणि पोरांना जरा लांब ठेव गाडीपासून."

बाबांनी फोन ठेवला आणि आईच्या खोलीकडं पाहिलं. त्यांचा चेहरा इतका थकलेला होता, की देवश्रीला पुढं बोलवेना.

पण दुसऱ्या दिवशी ती गाडीभोवती हळूहळू फिरली. उजव्या बाजूला ओरखडे होते, दगड उडून पडलेले टवके होते, उन्हानं रंग विटला होता. मग ती डावीकडं आली आणि थबकली.

"दादा, इकडं ये! या बाजूला काहीच नाही!"

"मग बरंच आहे की."

"अरे, एक बाजू म्हातारी आणि दुसरी कोरी करकरीत, असं कसं होईल? नुसते ओरखडे कुणी लपवत नाही. इथं काहीतरी मोठं लपवलंय!"

अनिरुद्धचे डोळे चमकले. "पिंट्या, तुझ्या त्या मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक आण! पळ!"

चुंबक उजव्या दारांना टचकन चिकटलं. छतालाही चिकटलं. डावीकडं मात्र दोन दारांमधल्या खांबावर ठेवलं, तर घसरून पिंटूच्या पायावर पडलं. दाराखालच्या पट्टीवरही तेच!

"आई गं!" पाय चोळत पिंटू म्हणाला. "इथं लोखंडच नाही?"

"आहे, पण खोल आत. चेपलेल्या पत्र्यावर जाडजूड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय आणि वरून रंग मारलाय," अनिरुद्ध म्हणाला. "भिंतीच्या भेगा बुजवतात ना, तसं."

देवश्रीनं घरातून पांढरी रांगोळी आणली. ओल्या बोटानं ती दाराच्या रबरावर सगळीकडं लावली, दार लावलं, परत उघडलं. रबर जिथं टेकलं, तिथं चौकटीवर पांढरी रेघ उठली होती. मागच्या कोपऱ्यात मात्र रेघ तुटली होती. तिथं दार चौकटीला टेकतच नव्हतं. चौकटच वाकलेली होती.

"म्हणजे ही गाडी इथं ठोकली गेलीय," देवश्री हलक्या आवाजात म्हणाली. "आई बसणार आहे, बरोबर तिथं."

पिंटू मागच्या काचेपाशी गेला आणि उगाच तिच्यावर वाफ सोडून चेहरा काढू लागला. एकदम त्याचा हात थांबला. "ताई! काचेवर नाव येतंय!"

स्टिकर खरवडून काढलेलं होतं, पण वाफेत त्याची अक्षरं उमटली होती. वर मोठ्या अक्षरांत 'निता'. खाली बारीक, 'राठोड, गोरेगाव'.

"वाशीमचा डॉक्टर म्हणे!" अनिरुद्ध पुटपुटला.

तालुक्यातल्याच गोरेगावला जायचं, तर विचारायचं कुणाला? देवश्री सरळ आईकडं गेली. आईनं सगळं ऐकून घेतलं. तिचा सुजलेला हात देवश्रीच्या हातात होता. "जा," ती म्हणाली. "दादाला सोबत ने आणि जेवायच्या वेळेला परत या. मला कळू दे, मी कशात बसणार आहे ते."

देवश्री आणि अनिरुद्ध जीपनं निघाले. दोन्ही बाजूंना काळं पडलेलं सोयाबीन आणि वाऱ्यानं लोळलेली तूर. गोरेगावच्या जीपस्टँडवर अनिरुद्धनं एका ड्रायव्हरला विचारलं, "मामा, चंदेरी गाडी, मागच्या काचेवर 'निता' लिहिलेली. कुणाची होती हो?"

ड्रायव्हर तंबाखू मळता मळता थांबला. "काहून विचारून राहिले?"

"ती गाडी आमच्या अंगणात उभी आहे," देवश्री म्हणाली.

"न्हाई पोरी! ती तर तुटली. राठोड सरनं भंगारात दिली." त्यानं दोघांकडं नीट पाहिलं आणि तांड्याकडं जाणारी वाट दाखवली.

देविदास राठोड सर ओसरीत बसले होते. शाळेत शिकवणारा, सडपातळ, शांत माणूस. त्यांच्या बायको, रूपाबाई, कापसाची बोंडं सोलत होत्या. मागच्या भिंतीवर एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, शाळेचा गणवेश आणि वर हार.

देवश्री पायरीशीच थांबली. आपण इथं का आलो, असं तिला वाटलं. पण सरांनी "या लेकरांनो" म्हटलं आणि तिला सांगावंच लागलं. दार, लांबी, रांगोळीची तुटलेली रेघ, सगळं.

सरांनी भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. मग म्हणाले, "पावसाळ्यात इथल्याच वळणावर ट्रॉलीनं डाव्या अंगाला धडक दिली. आमची निता त्या दाराला टेकून झोपली होती. दार उघडून गेलं..." त्यांनी उठून फोटोचा हार सारखा केला. "ज्याला गाडी दिली, त्याला मी हात जोडून सांगितलं होतं, ही परत रस्त्यावर आणू नका. तोडून टाकतो म्हणला."

"कसा होता तो माणूस?" अनिरुद्धनं विचारलं.

"गोरा, जाड. बोलताना लई हसायचा."

देवश्रीनं अनिरुद्धकडं पाहिलं. दोघांच्याही कानात फोनमधलं ते हसू वाजलं.

रूपाबाईंच्या हातातली बोंडं खाली पडली होती. त्यांनी देवश्रीचा हात धरला. "त्या जागी कोनालेच बसू देऊ नका, माय. कोनालेच."

घरी आल्यावर त्यांनी बाबांना सगळं सांगितलं. रागानं त्यांनी फोन उचलला, तेव्हा आईच म्हणाली, "फोनवर तो हजार सबबी सांगेल. उद्या समोर येऊ द्या त्याला. पोरं काय म्हणतात ते ऐका."

पाडव्याच्या सकाळी प्रमोदकाका पेढ्यांचा पुडा घेऊन हजर झाले. गल्लीतली माणसंही गोळा झाली होती.

"काय राधाकृष्ण, काढायची का पहिली फेरी?"

"काढू ना काका!" अनिरुद्ध पुढं झाला आणि त्यानं मागचं डावं दार अदबीनं उघडलं. "पहिला मान तुमचा! बसा!"

"मी? छे, मी पुढं बसतो."

"पुढं आजोबा बसणारेत शेजारचे. तुम्ही इथं बसा, आरामात दाराला टेकून!" पिंटू म्हणाला.

"नको रे. मग मी उजवीकडून बसतो."

"उजवीकडं मी बसणार, काका," देवश्री म्हणाली. "बाबा गोरेगावच्या वळणापर्यंत जोरात नेणार आहेत. बसा ना! दार चांगलं आहे ना?"

प्रमोदकाकांचं हसू मावळलं. त्यांनी त्या दाराकडं पाहिलं आणि एक पाऊल मागं सरकले.

"बसत का नाहीस, प्रमोद?" बाबा पुढं आले. "माझी बायको बसणार होती तिथं! तिला बसवायला तयार होतास, आणि तू फेरीभरही बसत नाहीस?"

"अरे, पत्रा सरळ करून घेतला होता... कारागीर म्हणाला चालतंय... मी फार खोलात गेलो नाही..."

तेवढ्यात घरातून राठोड सर बाहेर आले. बाबांच्या निरोपावरून पहाटेच्याच जीपनं ते सेनगावला आले होते. ते ओरडले नाहीत. गाडीजवळ आले आणि त्यांनी त्या दारावर हात ठेवला. "तोडून टाकतो म्हणले होते तुमी," एवढंच ते म्हणाले.

प्रमोदकाका खाली मान घालून उभे राहिले.

त्याच दिवशी बाबा पोलिसांत तक्रार देऊन आले. प्रमोदकाकांनी कबुलीजबाब दिला. चौकशी झाल्यावर गाडी हिंगोलीच्या भंगारात नेण्यात आली. दारांमधला तो खांब कापला जाईपर्यंत सर आणि बाबा तिथून हलले नाहीत.

त्याआधी, पाडव्यालाच सगळे पांगल्यावर बाबांनी तिन्ही पोरांना जवळ घेतलं. "मला घाई झाली होती रे. मला काही ऐकायचंच नव्हतं. तुम्ही नसतात तर..." त्यांनी पिंटूच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आता शेजाऱ्यांची जीप ठरवतो दवाखान्यासाठी. पुढची गाडी तुम्ही पसंत केल्याशिवाय अंगणात येणार नाही!"

"मग माझं चुंबक जपून ठेवावं लागेल," पिंटू म्हणाला. आई खूप दिवसांनी मोठ्यानं हसली.

सर जेवायला थांबले नाहीत. रूपाबाई घरी एकट्या होत्या. देवश्री सरांना जीपस्टँडपर्यंत सोडायला गेली. जीपमध्ये बसताना त्यांनी विचारलं, "कितवीत आहेस गं?"

"सातवीत."

सरांनी मान हलवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तसाच राहिला. "लई हुशार आहेस, पोरी," ते म्हणाले. "आईला जप."

जीप निघाली. देवश्री धूळ खाली बसेपर्यंत उभी राहिली. मग आईच्या औषधाची वेळ झाली, म्हणून ती पळतच घराकडं निघाली.