पुढचा पेशंट

दातांच्या डॉक्टरांना एक खोड होती आणि ती त्यांच्या धंद्याला अगदी सोयीची होती. इंटरनेटच्या एखाद्या कोपऱ्यात पडलेला, कुणीच न पाहिलेला सिनेमा शोधून काढायचा आणि तो दुसऱ्याला सांगायचा. सांगायचा म्हणजे शेवटासकट. घरात कुणी असं सुरू केलं तर माणसं उठून जातात. पण दवाखान्याच्या खुर्चीत आडवा पडलेला माणूस जाणार कुठे? तोंडात कापसाचे बोळे, ओठ बधिर, गालात थुंकी ओढणारी नळी. "हे तुम्ही नक्की पाहिलं नसणार," डॉक्टर म्हणत. पेशंट "अं अं" करी. त्याचा अर्थ डॉक्टर "सांगा, सांगा" असा घेत.

खुर्चीच्या वर, छताला त्यांनी एक पडदा बसवून घेतला होता. त्यावर शर्टाची बटणं हलवून केलेला दोन म्हाताऱ्यांच्या भांडणाचा चित्रपट चाले. एका बाईने काडेपेट्यांतून उभारलेले जुन्या स्टुडिओंचे सेट दिसत. कुणीतरी एका बंद लिफ्टवर केलेला सबंध सिनेमाही होता. पेशंट दुखणं विसरून वर बघू लागला की डॉक्टर प्रेमाने सांगत, "शेवटी लिफ्ट चालू होते, पण तोवर आत कुणी नसतं."

घरच्यांना ते फोनवर लिंका पाठवत. घरचे अंगठा दाखवत आणि उघडत नसत. आपल्याआधी कुणी काही पाहिलेलं नाही, या समाधानावर डॉक्टरांचं बरं चाललं होतं.

एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता त्यांना हाताने रंगवलेल्या जुन्या पोस्टरांचं एक पान सापडलं. कुणी जमवली होती, कुठली होती, काही लिहिलेलं नव्हतं. घोडे, पावसातली छत्री, रडणारी नायिका असं बघत बघत ते खाली गेले आणि त्यांचा घास तोंडातच राहिला.

पोस्टरवर त्यांचा दवाखाना होता. तीच पिस्ता रंगाची खुर्ची, तेच एका बाजूला टवका उडालेलं बेसिन, खिडकीची तीच न बसणारी कडी. मध्ये दिवा हातात धरून स्वतः डॉक्टर उभे. चित्रकाराने नाक जरा दुरुस्त केलं होतं, बाकी सगळं जसंच्या तसं. खुर्चीत कुणीतरी पडलेलं होतं, पण त्याचा चेहरा रंगवायचा राहून गेला होता. वर मोठ्या अक्षरांत सिनेमाचं नाव, 'पुढचा पेशंट'. खाली बारीक अक्षरांत, 'शेवट कुणालाही सांगू नका, ही नम्र विनंती.'

डॉक्टर हसले. कुणीतरी चावट पेशंटने सूड उगवला, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी त्यांनी मोठ्या हौसेने फोन बायकोपुढे धरला. बायको पोहण्याचे वर्ग घेई, आणि पाण्याबाहेर तिला कशाचंच फारसं नवल वाटत नसे.

"हा होय," ती म्हणाली. "पाहिलाय मी."

"काय पाहिलायस?"

"सिनेमा. चांगला आहे. तू छान केलंयस काम."

आपला चेहरा पोस्टरवर कसा, हा प्रश्न डॉक्टरांना तेव्हा पडायला हवा होता. पण त्यांच्या नाकाला वेगळ्याच मिरच्या झोंबल्या. हिने आपल्याआधी पाहिला?

"कुठे पाहिलास?"

"कुठे म्हणजे? पाहिला." ती कांदा चिरत राहिली. "आईंनीही पाहिलाय."

डॉक्टरांच्या आईला कमी ऐकू येई, त्यामुळे सिनेमे तिने कधीच सोडून दिले होते. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला. किती हसले होते मी तू हात धुतोस तेव्हा."

"आणि शेवटी काय होतं?"

सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं. एरवी त्या दोघींचं मीठ किती घालावं यावरही एकमत होत नसे.

"ते नाही सांगायचं," आई म्हणाली.

"मजा जाते," बायको म्हणाली. "मी तुला इतकी वर्षं दुसरं काय सांगत होते?"

डॉक्टर शास्त्र शिकलेले होते. त्यांनी नीट विचार केला. घरच्यांनी मिळून कट केला आहे. कट फोडायचा तर साक्षीदारांना वेगवेगळं गाठावं. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. मेहुणा नकाशांच्या कचेरीत होता आणि सिनेमात नावं पडायच्या आत घोरणारा म्हणून सगळ्या नात्यात प्रसिद्ध होता.

"भाऊजी, मी शेवटपर्यंत जागा होतो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरा अभिमान होता. "तुमचा तो हात धुण्याचा सीन तर लाजवाब. दार लावून घेता, आरशात बघता आणि स्वतःच्याच पाठीवर थाप मारता. 'शाबास रे पठ्ठ्या' म्हणून."

डॉक्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. अवघड दाढ निघाली की ते असं करत. नेहमी एकटे असताना, दार लावून. बायकोलासुद्धा ते ठाऊक नव्हतं.

"शेवटाचं काय?" त्यांनी विचारलं.

"पोस्टरवर लिहिलंय ना भाऊजी," मेहुणा हळूच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतर डॉक्टरांनी सिनेमा शोधायचा सपाटा लावला. जिथे जिथे म्हणून जुनी चित्रं, हरवलेली रिळं, हौशी लोकांचे संग्रह मिळतात तिथे सगळीकडे धुंडाळलं. लिफ्टवरचा सिनेमा शोधून काढणाऱ्या माणसाला हा मिळेना. पोस्टरचं पान तेवढं जागच्या जागी होतं. आणि ज्याला विचारावं त्याने सिनेमा पाहिलेला. खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याने पाहिलेला. दवाखान्यात मदतीला असणाऱ्या बाईंनीही पाहिलेला. शेवटाचं नाव काढलं की सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

"निदान एवढं तरी सांगा," ते बाईंना म्हणाले. बाई त्यांच्याकडे दवाखाना सुरू झाल्यापासून होत्या आणि त्यांना खोटं बोलता येत नसे. "शेवट चांगला आहे का वाईट?"

बाई हत्यारं उकळत्या पाण्यातून काढत होत्या. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मी रडले," त्या म्हणाल्या. "पण माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ हसत होते."

मग अनोळखी लोक येऊ लागले. एक बाई खुर्चीत बसल्या, त्यांनी आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. डॉक्टरांनी आरसा घालून सगळे दात पाहिले. एकाही दाताला कीड नव्हती.

"दुखतंय कुठे?"

"कुठेच नाही. मला फक्त खोली बघायची होती." त्यांनी मान वळवून बेसिन पाहिलं, खिडकी पाहिली. "पडद्यावर मोठी वाटते नाही?"

असे बरेच आले. दवाखान्याला एवढी गर्दी आणि इतके निरोगी दात डॉक्टरांनी कधी पाहिले नव्हते. सगळे सभ्य होते, फी देत आणि जाताना त्यांच्याकडे असं बघत, जसं आपण गाडी सुटताना नात्यातल्या माणसाकडे बघतो. एकाने तर त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "धीराचे आहात हो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी छताचा पडदा बंद करून टाकला. पेशंटला सिनेमे सांगणं बंद केलं. सांगायला घेतलं तरी शेवट जवळ आला की आपोआप गप्प बसायला होई. बायको त्यांना उगाचच साय वाढू लागली. आई, जिने त्यांना जन्मभर "पाय नीट टाक" एवढंच शिकवलं, ती येता जाता त्यांच्या डोक्यावरून हात फिरवी. घरात इतकी माया झाली की डॉक्टरांना जेवण जाईना.

एका सकाळी ते निघाले तेव्हा बायको दारात आली.

"हा राखाडी शर्ट घातलास?"

"का? डाग आहे?"

"नाही." तिने त्यांची कॉलर सरळ केली. ती आधीच सरळ होती. "छान दिसतोस."

"तू मला सांगणार नाहीस ना?"

"तुला आत्ता सांगितलं," ती म्हणाली, "तर तू नीट करणार नाहीस."

त्या दिवशी सकाळी एकही पेशंट आला नाही. दुपारी ऊन खिडकीतून थेट खुर्चीवर पडलं होतं. डॉक्टर आत हत्यारं लावत होते. बाहेरच्या खोलीत माणसांची चाहूल लागली. चपला काढल्याचा आवाज आला, कुणीतरी दबक्या आवाजात "जरा सरका" म्हणालं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढल्या गेल्या.

दवाखाना आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये एक मोठी काच होती; बाईंनी तिच्यावरचा कापडी पडदा वर केला.

बाहेरची खोली भरली होती. खुर्च्या काचेकडे तोंड करून ओळीने मांडल्या होत्या. औषधवाला होता. निरोगी दातांच्या बाई होत्या. मेहुणा पहिल्या रांगेत होता, ताठ, डोळे टक्क उघडे. जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनीच जिला बजावलं होतं ती आई होती. तिच्या शेजारी बायको, केस अजून ओले.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. "सगळे इथे कसे?"

मागे कुणीतरी खोकलं.

त्यांनी हात हलवला. कुणी हात हलवला नाही. मेहुण्याच्या चेहऱ्यावर कौतुकाचं हसू होतं, पण ते हात हलवणाऱ्याला दिलेलं नव्हतं.

बाईंनी बाहेरचा दिवा मालवला आणि त्याही पदर सावरून एका खुर्चीत बसल्या.

डॉक्टर काचेजवळ गेले. त्यांनी काचेवर टकटक केलं. मागच्या रांगेतलं कुणीतरी अंधारात हसलं.

"आता तो येतो ना गं?" आईने विचारलं. तिला वाटलं ती हळू बोलली.

"हो, आई," बायको कुजबुजली. "बघा आता."

तिने रुमाल काढला. अजून काहीच झालं नव्हतं आणि तिचे डोळे भरले होते.

मग सगळ्यांची नजर एकदम हलली. डॉक्टरांवरून निघून त्यांच्या खांद्याच्या जरा मागे, खोलीच्या आतल्या बाजूला जाऊन थांबली.

आत यायला दुसरं दार नव्हतं.

खुर्चीची मोटर घरघरली. पेशंट टेकला की पाठ खाली जाताना जशी घरघरते, तशी. रेक्झिन कुरकुरलं. डॉक्टरांनी मागे पाहिलं नाही. काचेत पाहावं म्हटलं, तर काचेत फक्त त्यांच्या माणसांचे चेहरे दिसत होते, पुढे झुकलेले.

डॉक्टर काही म्हणायच्या आत, पाठीमागून कुणीतरी न सांगताच म्हणालं, "आऽऽ."