बाभळीच्या रानातला सापळा

मायाक्का खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. चाटी गल्लीतल्या त्या माडीवरच्या खोलीत ती दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. तिच्याकडे बघून बघून सिद्धलिंगप्पाची मान अवघडली.

तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस तो. "पुढं सरका" म्हणायची जिभेला सवय, "बसा" म्हणायची वेळ क्वचित. तरी त्यानं दोनदा म्हणून बघितलं.

"बाई, बसा की वो."

"एकशेवीस मेंढरं माळावर हायती, आन राखणीला भैनीला बसवून आलीया. मी कशी बसू?"

टेबलामागं अक्षता शांत होती. सिद्धलिंगप्पाची ही सख्खी भाची. विमा कंपनीत खोटे दावे पकडायची बरी नोकरी सोडून तिनं गुप्तहेराची पाटी लावली, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. सिद्धलिंगप्पा मात्र रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन इथं हजर झाला. घरात पाय टिकत नव्हता, दुसरं काय!

"पहिल्यापासून सांगा," अक्षता म्हणाली.

मायाक्कानं चालता चालताच सांगितलं. मोहोळच्या अलीकडच्या माळावर शिवप्पाच्या बाभळीच्या रानात त्यांचा मुक्काम होता. काल सकाळी त्या रानात लोखंडी सापळ्यात लांडगीण अडकलेली सापडली. कुणीतरी वनखात्याला फोन केला, गाडी आली आणि तिच्या नवऱ्याला, ज्ञानबाला, घेऊन गेली.

"साहेब म्हनला, सापळ्यात मेंढीची काळी लोकर हाय. आन लांडगिणीच्या अंगावर ह्यांचं घोंगडं."

"घोंगडं तिथं कसं गेलं?"

"तेच तर बोलंनात! पहाटं कुटं गेलावता, ते बी सांगंनात. साहेबानं इचारलं, रानमालक शिवप्पा शेजारीच हुबा हुता, त्यानं इचारलं, मी पाया पडून इचारलं. खाली मान घालून हुबं. येक सबूद न्हाय."

इथंच पाणी मुरतंय, सिद्धलिंगप्पाच्या मनात आलं. निरपराध माणूस कसा बोंब मारतो! विनातिकीट सापडलेले मात्र असेच खाली बघायचे.

"त्या रानात तुम्ही कधी आलात?"

"दा तारखेला मोहोळच्या बाजारात शिवप्पा गाठ पडला. दरसाल आमी त्या वाटंनं जातो, वळख हाय. म्हनला, औंदा माज्या रानात मेंढरं बसीव, खत हुईल, दोन पोती ज्वारी देतो. त्याच्या आदी म्हैनाभर करकंबला हुतो, उसाच्या रानात." तिनं कमरेच्या पिशवीतून घडी घातलेलं एक कार्ड काढलं. "हे बगा, तितल्या डाक्टरनं मेंढरास्नी सुया मारल्या त्याचं."

कार्डावर तीन एप्रिल तारीख होती. खाली ज्ञानबाची सही, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली.

"सही झोकात आहे," अक्षता म्हणाली.

"चौथीपत्तूर शिकल्यात. सहीची लई मिजास!" मायाक्का हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. "दोन दिसांची कोठडी दिलीया, उद्या अकराला परत कोर्टात हुबं करनार. तीन वर्सं तरी आत जानार म्हनत्यात. बाई, त्यो मानूस चार भितींच्या आत येक रात निजला न्हाय हो कदी. त्यो मरंल की."

अक्षता उठली. "मामा, गाडी काढा."

*

वनखात्याच्या ऑफिसात परिक्षेत्र अधिकारी शरणबसव फायलींच्या ढिगाआड बसला होता. माणूस सरळ, पण चेहऱ्यावर दोन दिवसांचं जागरण.

"मॅडम, मला हौस नाही गरिबाला आत टाकायची," तो म्हणाला. "पण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. सापळा लावणं, आमिष ठेवणं, नुसता प्रयत्न करणं, सगळी शिकारच. लांडगा तर पहिल्या अनुसूचीतला. एकेकाळी कोल्ह्या-लांडग्याची कातडी उघड विकायचे लोक. आता तीन ते सात वर्षं."

"परवानगी मिळतच नाही?"

"मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी लागते, आणि तीही जनावर माणसाच्या जिवावर उठलं तर. मेंढी नेली म्हणून नाही. हेच मी त्याच्या अर्जावर लिहिलं."

"कुणाच्या अर्जावर?"

"ज्ञानबाच्याच!" शरणबसवनं फायलीतून कागद काढला. "टपालानं आलेला. हा आमचा आवक शिक्का, पाच एप्रिल. मी नाही म्हटलं, तर पठ्ठ्यानं स्वतःच सापळा लावला."

सिद्धलिंगप्पानं चष्मा पुसून अर्ज वाचला. 'माझी मेंढरे गट नंबर २१४ मध्ये बसतात. तेथे लांडग्याचा उपद्रव आहे. तरी सापळा लावण्यास परवानगी मिळावी.' खाली ज्ञानबाचं नाव आणि निळ्या शाईतला अंगठा. झालं, संपला खेळ. त्याला मायाक्काच्या तोंडाकडे बघवेना. ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती.

अक्षतानं सापळ्यातल्या लोकरीची पिशवी मागितली. माती आत शिरून सापळा अडकू नये म्हणून ती लोकर चापाखाली दाबलेली होती. तिनं एक पुंजका चिमटीत धरला, चोळला, बोटांचा वास घेतला.

"हात लावून बघा, मामा."

"मऊ आहे. कापसागत." त्याला त्यात काही कळलं नाही.

"आणि लांडगीण?"

"मागं पिंजऱ्यात. पाय वाचेल म्हणतात डॉक्टर," शरणबसव म्हणाला. "पण पाणी पीत नाही, नुसती लंगडत फिरते. दूध भरलंय तिला. पिल्लं असणार कुठंतरी, आम्हाला काही सापडली नाहीत."

*

बाभळीच्या रानात बाभळी तीनच होत्या. बाकी नुसता मुरूम. उन्हाची झळ आणि वारं असं सुटलेलं, की मेंढरं एका जागी ठरत नव्हती. सिद्धलिंगप्पा त्या काळ्या कळपातून वाट काढत निघाला आणि पलीकडे पोचेतो त्याच्या धोतराला कुसळंच कुसळं चिकटली.

"मेंढरास्नी तर लई," मायाक्का म्हणाली. "कातरनीला अजून पंदरा दिस हायती. हात फिरीवला तर तळवा सोलून निगतो, आन तेलकट वास दोन दिस जात न्हाय."

अक्षतानं एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला आणि बोटांचा वास घेतला. तेवढ्यात सिद्धलिंगप्पा ओरडला, "अय्यो!" अंगठा ठेचकाळला होता. जमिनीत एक सिमेंटची खुंटी होती, तांबड्या रंगाची, वर आकडा घातलेला. पन्नास पावलांवर दुसरी. पुढं तिसरी.

"कुठल्या गाढवानं पुरल्यात ह्या!"

"चांगल्या मोजून पुरल्यात, मामा," अक्षता म्हणाली. मग मायाक्काकडे वळली. "ह्या रानाचा गट नंबर काय हो?"

"गट? काय की बाई. आमी बाभळीचं रान म्हनतो."

फाट्यावरच्या हॉटेलात सोमशेखर भेटला. बाहेरच्या फोटोवाल्यांना तो जीपमधून लांडगे दाखवायचा. अक्षतानं आडपडदा ठेवला नाही.

"लांडगे बाहेर यावेत म्हणून तुम्ही मांस टाकता?"

त्याचा चहा हिंदकळला. "टाकलं हुतं, मागल्या वर्षी. साहेबांनी दंड केला, कान धरला. पन सापळा? मॅडम, लांडगं हाय म्हनून माजी चूल पेटती. जिचं दूध प्यायचं तिच्याच गळ्याला सुरी लावू?"

"हल्ली कुणी लांडग्यांची चौकशी केली?"

"म्हैन्यापूर्वी सोलार कंपनीचं मोजणीवालं आलतं. हितं लांडगं हाय का म्हनले. व्हय म्हनलं मी, भरपूर. त्यांची तोंडं उतरली. मला वाटलं, भ्याले."

*

शिवप्पाच्या घरी स्वागत दणक्यात झालं. पांढरी विजार, कपाळाला विभूती, बोलणं लोण्यासारखं.

"गरीब माणूस हो ज्ञानबा. रागाच्या भरात चुकला," तो म्हणाला. "मीच बोलावलेलं त्याला. जमिनीला खत नको का? रब्बीला ज्वारी पेरायची आहे त्या रानात."

ओसरीवर त्याची म्हातारी आई, बसव्वा, पाय पसरून बसली होती. दोन्ही गुडघ्यांना फडकी, फडक्याखालून काळी लोकर डोकावत होती.

"संधिवात, आजी?" अक्षतानं विचारलं.

"व्हय ग बाई. गरम लोकर बांदली की बरं वाटतंय. मंगळवेढ्यास्नं पिंजून आनलेली पिशवी भरून, आन निम्मी कुनी नेली कळंना. सुनंला इचारलं तर माज्यावरच वसकन आली."

"आई, आत जा. वारं लागतंय," शिवप्पा म्हणाला.

परतताना गाडी सिद्धलिंगप्पाच चालवत होता. उन्हं कलायला लागली होती आणि उद्याचे अकरा त्याच्या डोक्यात घण घालत होते.

"अक्षता, मला तर काही उमगेना. अर्ज आहे, घोंगडं आहे, आणि तो पठ्ठ्या मुका."

"तुमचा ठेचकाळलेला अंगठा कसा आहे?" तिनं विचारलं.

"ठणकतोय!"

"मोठं काम केलं त्यानं."

*

संध्याकाळी साडेपाचला शरणबसवच्या खोलीत सगळे जमले. जबाबावर सही करायला म्हणून शिवप्पाला बोलावलं होतं. ज्ञानबा कोपऱ्यात उभा. बोडक्या डोक्याचा, सुकलेला. मायाक्का दारात, एक पाय आत, एक बाहेर.

"लोकरीपासून सुरू करू," अक्षता म्हणाली. "ज्ञानबाच्या मेंढरांची कातरणी झालेली नाही. अंगावरून ओरबाडून घेतली म्हटलं, तरी ती तेलकट, वासाची आणि कुसळांनी भरलेली हवी. सापळ्यातल्या लोकरीत एक कुसळ नाही, वास नाही. ती धुऊन पिंजलेली आहे. अशी लोकर बसव्वा आजींच्या गुडघ्यांना आहे, आणि त्यांची निम्मी पिशवी नाहीशी झालीय."

"बाजारात ढिगानं मिळते तसली लोकर," शिवप्पा हसला.

"मिळते. म्हणून पुढं. मेंढरं कोण बसवून घेतो? ज्याला पेरायचं आहे तो. तुमच्या रानात मुरूम आहे आणि पन्नास पावलांवर मोजणीच्या खुंट्या. तिथं ज्वारी नाही, सोलार उगवणार आहे. मग दोन पोती धान्य देऊन खत कशाला? तुम्हाला खत नको होतं, मेंढपाळ हवा होता. लांडगे आहेत म्हटल्यावर परवानग्या अडतील म्हणून कंपनी कचरली. लांडगे घालवायचे, आणि आळ घालायला माणूस जागेवर पाहिजे."

"अन् अर्ज?" शिवप्पाचा आवाज चढला. "अर्ज काय मी केला?"

"तेच सांगते. अर्ज इथं पोचला पाच एप्रिलला. तेव्हा ज्ञानबा करकंबच्या उसात होता, हे लसीचं कार्ड. तुम्ही त्याला बोलावलंत दहा तारखेला. त्याच्या पाच दिवस आधी त्याला कसं कळलं, आपली मेंढरं तुमच्या रानात बसणार? आणि गट नंबर! मेंढपाळ रान ओळखतो बाभळीवरून, विहिरीवरून. गट नंबर लिहायची सवय सातबारा असणाऱ्याची. तुमच्या हातून सवयीनं लिहिलं गेलं."

सिद्धलिंगप्पाला एकदम आठवलं आणि त्याला राहवेना.

"आणि अंगठा!" तो जवळजवळ ओरडला. "अरे, ह्या माणसाला सही येते की! कार्डावर आहे!"

"शाब्बास, मामा. धनगर म्हणजे अंगठाबहाद्दर, असं धरून चालला लिहिणारा." अक्षतानं टेबलावरचं शाईचं पॅड पुढं सरकवलं. "तो अंगठा ज्ञानबाचा नाही. कुणाचा आहे ते ठशावरून ठरेल. शिवप्पाअण्णा, हात द्या."

शिवप्पानं उजवा हात विजारीच्या खिशात घातला. शरणबसव ते बघत होता.

"हात बाहेर काढा," तो म्हणाला.

"एक कोल्हं-लांडगं मेल्यानं काय जग बुडतंय का?" शिवप्पा फुटला. "वडिलांपासून त्या मुरमात नांगर मोडले आम्ही! आता कुठं कोण घेतोय जमीन, तर मध्ये लांडगं!"

दोन वनरक्षक त्याला घेऊन गेले. जीप फाटकाबाहेर पडली तसा ज्ञानबानं पहिल्यांदा मान वर केली.

"सायेब, ह्येला कुटं नेला?"

"कोठडीत."

"म्हंजी आता रानाकडं येत न्हाय?"

"नाही."

"मंग सांगतो," ज्ञानबा म्हणाला. "पिल्लं चार हायती."

मायाक्काचा हात तोंडावर गेला.

"त्याच रानात, पावसाचं पानी जातं त्या वगळीच्या काठाला बीळ हाय. आलो त्या दिशीच मला घावलं. म्हनून मेंढरं बाभळीकडंच ठिवली, तिकडं फिरकू दिली न्हाय. काल पहाटं ती वराडली. गेलो तर अडाकलेली. चाप काय माज्यानं उगडंना. पाय तोडून घ्याया लागली, मंग डोळ्यावर घोंगडं टाकलं, तवा निवली. बिळाकडं जाऊन पिल्लं बगितली, परत आलो तर गाडी हुबी. आन रानमालक शेजारी. त्याच्या म्होरं काय सांगू? सांजच्याला धुरी दिऊन मारली असती त्यानं."

"अवो, पर मला तर सांगायचं!" मायाक्का ओरडली.

"तू माज्यासाटी बोलून गेली असतीस."

*

दिवस मावळायच्या आत सगळे वगळीच्या काठावर होते. बिळाच्या तोंडाशी ताजं हाड पडलं होतं; नर येऊन भरवून गेला असणार. दुर्बिणीतून शरणबसवनं मोजली: एक, दोन, तीन आणि उशिरानं चौथं. उद्या लांडगिणीला जवळच जाळीत आणून ठेवू, पाय भरला की सोडू, असं तो फोनवर डॉक्टरशी बोलत राहिला. मग त्यानं पंचनाम्याचा कागद काढला.

"उद्या कोर्टात मी स्वतः सांगतो काय झालं ते," तो ज्ञानबाला म्हणाला. "आत्ता पंच म्हणून तुमची सही पाहिजे. ठिकाण लिहितो, गट नंबर दोनशे चौदा..."

"ते आमास्नी काय म्हाईत न्हाय," ज्ञानबा म्हणाला. "बाभळीचं रान ल्ह्या."

शरणबसवनं लिहिलं. ज्ञानबानं कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला, पेन दोनदा झटकलं आणि सावकाश सही केली. शेवटच्या अक्षराचं शेपूट पार कागदाच्या कडेपर्यंत गेलं.

सिद्धलिंगप्पाचे डोळे भरून आले होते. कुणाला दिसू नये म्हणून तो मागं वळला, तर मायाक्का मुरमात मांडी घालून बसलेली. त्या दिवसात आपणहून पहिल्यांदाच. लुगड्याला चिकटलेलं एकेक कुसळ ती निवांत उपटून टाकत होती.

"बसा की वो," तीच त्याला म्हणाली.

ठणकणारा अंगठा सांभाळत सिद्धलिंगप्पा तिच्या शेजारी खाली बसला.