एकेचाळिसावी पायरी

आधी कलिंगड सुटलं, मग मिओरी पडली.

कलिंगड टप्पे खात खाली गेलं आणि तेविसाव्या पायरीवर फुटलं. मिओरी मात्र एकेचाळिसाव्या पायरीवरच बसली होती, दोन्ही गुडघे सोलून.

"चार दिवसांत तिसऱ्यांदा," तिचा मामेभाऊ ताकुमा वरून म्हणाला. "आणि तेही इथेच. या पायरीशी काही भांडण आहे का तुझं?"

"सकाळपासून झऱ्यात ठेवलं होतं मी ते, गार व्हायला," त्याची धाकटी बहीण सुझुना रडकुंडीला आली. "मिओ, तू माणूस आहेस की घरंगळणारा बटाटा?"

मिओरीला हसू आलं नाही. ती अकरा वर्षांची होती आणि अशी वाक्यं तिने निदान अकराशे वेळा ऐकली होती. खालून कुराहामाचे गावप्रमुख हमाओका-सान वर येत होते, बरोबर मामा होता. कलिंगडाचा लाल चिखल ओलांडत हमाओका-सान हसले.

"शहरातली मुलगी. लिफ्टची सवय असणार," ते म्हणाले.

"तिचं तसंच आहे हो लहानपणापासून," मामा ओशाळून म्हणाला. "मिओरी, जरा बघून चालत जा बाई."

दोघं पुढे गेले. मिओरी मात्र तिथेच बसून राहिली. तिने बघितलं होतं. प्रत्येक पायरीकडे बघितलं होतं. म्हणून तर तिला कळत नव्हतं.

मिओरीला नाडी बांधायला, चॉपस्टिकने दाणे उचलायला, चेंडू झेलायला इतरांच्या तिप्पट वेळ लागायचा. बरीच वर्षं सगळे तिला आळशी म्हणत. मग मात्सुयामा शहरातल्या दवाखान्यात शिगेता सेन्सेई भेटल्या. त्या मुलांना हालचाली शिकवायच्या. त्यांनी आईला सांगितलं होतं, "हिची ताकद ठीक आहे, डोकं ठीक आहे. हात-पाय कधी, किती हलवायचे याचा ताळमेळ तिला आपोआप जमत नाही. तिला तो विचार करून बसवावा लागतो. ओरडून काही होणार नाही. जे करायचंय, त्याचाच सराव करायचा, तुकड्यातुकड्यांनी."

सेन्सेईंनी तिला चार प्रश्न दिले होते. काय करायचंय? कसं करू? करून बघ. जमलं का, नसेल तर काय बदलू? त्या चार प्रश्नांवर मिओरी मागच्या वर्षी सायकल शिकली. सुट्टीला मामाकडे आल्या आल्या तिने पहिलं काम केलं ते गावातल्या अडुसष्ट पायऱ्यांचं. एकेका पायरीवर वीत ठेवून उंची मोजली, वहीत लिहिली आणि पाठ केली.

तिने वही काढली. दोन ऑगस्ट. पायरी ४२ ते ४१: एक वीत.

मग तिने बेचाळिसाव्या पायरीवरून खाली वीत लावली. एक वीत आणि वर तीन बोटं.

"ताकुमा, तुझी पट्टी आण."

"कशाला? कलिंगड चिकटवणार आहेस?"

"मी पडले नाही. पायरी खाली गेली."

ताकुमा तेरा वर्षांचा होता आणि सहसा कशावर विश्वास ठेवायचा नाही. पण त्याने पट्टी आणली, मोजलं आणि त्याचा चेहरा बदलला. सुझुना पोटावर आडवी होऊन पायरीच्या सांध्यात डोकावत होती.

"इथे कुणीतरी सिमेंट भरलंय. नवं आहे. आणि तेही तडकलंय."

भेग पायऱ्यांवरच थांबली नव्हती. ती गवतातून डावीकडे संत्र्यांच्या बागेत शिरली होती, उजवीकडे देवदारांमधून गेली होती. भेगेच्या खालची सगळी झाडं समुद्राकडे एकसारखी कलली होती. वरची सरळ होती.

भेगेच्या खाली सात घरं होती. त्यातलं एक मामाचं.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकला आणि मधलं अंतर दिवसातून दोनदा मोजायला सुरुवात केली. सकाळी अकरा सेंटीमीटर. संध्याकाळी साडेअकरा. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, अंतर साडेबारा झालं आणि वरच्या झऱ्याचं पाणी गढूळ झालं. मामीच्या स्वयंपाकघराचं सरकतं दार अडकायला लागलं. "दमटपणामुळे," मामी म्हणाली आणि दाराला मेण लावलं.

पायथ्याशी वसंतात डोंगर कापून संत्र्यांच्या बाजारासाठी पार्किंग केलं होतं. रविवारी त्याचं उद्घाटन होतं. मागच्या उंच भिंतीला पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलेली होती. सुझुनाने ती मोजली. चोवीस होती. त्यातली एकोणीस सिमेंटने बंद होती.

"चिखलाचे ओघळ दिसायला नकोत म्हणून," ताकुमा हळूच म्हणाला. "उद्घाटनाचे फोटो चांगले यावेत म्हणून."

"मग आतलं पाणी जाणार कुठे?" सुझुनाने विचारलं.

ताकुमा भिंतीजवळ गेला. भिंतीला हात लावला तर ती घामेजल्यासारखी ओली लागत होती.

ते हमाओका-सानांकडे गेले. त्यांनी वही चाळली, तीही उलट्या बाजूने.

"विती आणि बोटं," ते म्हणाले. "पोरांनो, जुन्या पायऱ्या हलतातच. उद्घाटन झालं की सोमवारी बघू."

"सिमेंट तुम्ही भरलंत?" मिओरीने विचारलं.

त्यांचं हसू क्षणभर गेलं. "जिला सरळ चालता येत नाही, तिने डोंगराला नावं ठेवू नयेत."

मिओरीचे कान तापले. बाहेर आल्यावर ताकुमा म्हणाला, "आता रडू नकोस. तुझं रडणंही तीनपट वेळ घेतं."

"रडत नाहीये. विचार करतेय. काय करायचंय? लोकांना खाली आणायचंय. कसं?"

मामाने ऐकून घेतलं नाही. हमाओका-सानांनी गावासाठी वीस वर्षं काढली होती, त्यांच्या म्हाताऱ्या आई, तोकी आजी, स्वतः अडतिसाव्या पायरीवर राहत होत्या. धोका असता तर आईला ठेवलं असतं का? नगर कार्यालयातल्या बाईंनी फोनवर सगळं लिहून घेतलं, वहीचे आणि भेगेचे फोटो मागवले, जिल्ह्याच्या इंजिनियरकडे पाठवते म्हणाल्या. पण घरं रिकामी करायचं आधी गावप्रमुखांनी सांगायला हवं, असंही म्हणाल्या.

शनिवारी रात्रभर पाऊस कोसळला.

*

पहाटे साडेपाचला ताकुमा भेग बघून आला, तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"खिळ्यांमधलं अंतर आता माझ्या पट्टीत मावत नाही. आणि झरा बंद झालाय. एवढ्या पावसात पाण्याचा थेंब नाही."

घरात मातीचा वास भरला होता, नुकत्याच खणलेल्या खड्ड्यासारखा. दूर कुठेतरी जमिनीखाली मुळं तुटल्यासारखा आवाज आला आणि थांबला.

"बाबांना उठवू?" सुझुना म्हणाली.

"ते हमाओका-सानांना फोन करतील, ते सोमवार म्हणतील," ताकुमा म्हणाला. मग तो थबकला. "रेडिओची कवायत. आज शेवटचा दिवस."

सुट्टीत रोज साडेसहाला सगळं गाव रेडिओच्या तालावर कवायत करायचं आणि कार्डावर शिक्का घ्यायचं. एकही शिक्का न चुकवणाऱ्याला पाच किलो तांदूळ मिळायचे. मुलांपेक्षा म्हातारेच ते कार्ड जिवापाड जपायचे. शिक्का मुलांच्या गटप्रमुखाकडे असायचा, म्हणजे ताकुमाकडे.

"पाऊस असला की कवायत नसते," सुझुना म्हणाली.

"आज आहे. ओढ्यापलीकडे, शाळेच्या हॉलमध्ये. सव्वासहाच्या आत. उशीर झाला तर शिक्का नाही, तांदूळ नाही."

सुझुना छत्री न घेताच पळाली. तिचा आवाज दारोदार घुमू लागला. पाच मिनिटांत दिवे लागले, कुरकुर ऐकू आली, रेनकोट घातलेली माणसं पायऱ्या उतरू लागली. मामाही जांभया देत, मामीसह निघाला. पोरं पुढे गेली आहेत असंच त्यांना वाटलं.

"तोकी आजींना ऐकू येत नाही," मिओरी म्हणाली. "मी आणते."

"तू? या पावसात? पायऱ्यांवरून?"

"तुला पायऱ्या पाठ आहेत का?"

ताकुमा रेडिओ उचलून हॉलकडे धावला.

मिओरी मोजत चढली. सत्तावीस, बोटभर कमी. एकतीस, डावीकडे उतरती. पायरी अंधूक दिसत असली तरी तिचा पाय कुठे पडायचा ते तिला ठाऊक होतं. आजी चहाचं पाणी ठेवत होत्या. मिओरीने वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: डोंगर सरकतोय. आत्ता चला.

आजींनी वाचलं. भिंतीकडे बघितलं. तिथे काल नसलेली, बोट जाईल एवढी चीर होती. त्यांनी शेगडी बंद केली आणि हात पुढे केला.

दाराबाहेर मिओरी थांबली. खालच्या पायऱ्यांवरून पाणी नव्हे, चिखल वाहत होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिसावी पायरी तिरकी झाली. खाली जाणं म्हणजे सरकत्या डोंगराच्याच पाठीवरून जाणं. भेगेच्या वरची जमीन पक्की होती. वर फक्त तीन पायऱ्या.

पण एकेचाळीस आणि बेचाळीस यांच्यामध्ये आता तिच्या कमरेएवढी उंच कड होती.

अशी चढण तिने कधी केली नव्हती. पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे झाले. काय करायचंय? वर जायचंय. कसं करू? तिने उडी मारून पाहिलं आणि घसरून हनुवटी आपटली. जमलं नाही. काय बदलू? उडी नको. आधी पोट. मग एक गुडघा. मग दुसरा.

पोट. गुडघा. गुडघा. ती वर होती.

तिने देवदाराच्या बुंध्याला एक हात घट्ट गुंडाळला, दुसरा आजींना दिला. आणि मानेने दाखवत, ओठ ठळक हलवत एकेक सांगितलं, जणू स्वतःलाच: हात इथे. पोट. आता हा गुडघा. आजींचं वय एक्क्याऐंशी होतं, पण हयातभर त्या याच बागांत संत्री तोडत आल्या होत्या. दुसऱ्या दमात त्या वर आल्या.

पन्नासाव्या पायरीवर पोहोचतात तोच मागे सगळं एकदम शांत झालं. पाऊसही थांबल्यासारखा वाटला. मग देवदार उभेच्या उभे खाली चालत गेले. घरांची छपरं बुडाली. पार्किंगची भिंत फुटल्याचा आवाज नंतर आला, तोफेसारखा.

आजींना ऐकू येत नव्हतं. पण त्यांनी मिओरीचे डोळे तळहाताने झाकले.

*

बागेच्या वरच्या वाटेने, डोंगराला वळसा घालून त्या दोघी हॉलवर पोहोचल्या तेव्हा साडेसात झाले होते. आत एकोणीस माणसं होती. मामा दारातच चिखलाने माखून बसला होता. दोनदा त्याला ढिगाऱ्यापासून ओढून आणावं लागलं होतं. सुझुनाने मिओरीला पाहिलं आणि ती तिच्या अंगावर अशी आदळली की दोघी पडल्या.

"ही पडण्याची मोजदाद माझ्या नावावर नाही," मिओरी खालून म्हणाली. ताकुमा हसायला गेला आणि त्याला रडूच फुटलं.

हमाओका-सान बंदरावरच्या आपल्या घरून धावत आले होते. आईला पाहून ते जमिनीवर बसले. तिच्याकडे बघत म्हणाले, "सिमेंट मी भरलं. भोकंही मीच बुजवली. वाटलं, एक रविवार निघून जाईल." मग त्यांनी कपाळ फरशीला टेकवलं. तोकी आजींनी लेकाच्या ओठांवरून सगळं वाचलं होतं. त्यांनी त्याला उठवलं नाही.

दुपारी जिल्ह्याची इंजिनियर बाई आली. फोटो पाहून ती पहाटेच निघाली होती, रस्ता बंद होता म्हणून अडकली. तिने ती ओली वही उभ्यानेच, पानापानाने वाचली.

"हे कुणी केलं? तारखेसह, सात दिवसांची मापं?"

"हिने," तोकी आजी मोठ्यांदा म्हणाल्या. "आणि मला या वयात डोंगर चढायला शिकवलं ते निराळंच. कुणी शिकवताना माझ्यावर ओरडलं नाही असं पहिल्यांदाच झालं."

इंजिनियर बाईंनी वहीची प्रत मागितली. दोन्ही हातांनी, वाकून मागितली. मग ताकुमाने खिशातून ठसा काढला आणि एकेकाच्या कार्डावर शेवटचा शिक्का मारला. त्या दिवशी कवायत मात्र कुणीच केली नव्हती.

संध्याकाळी मामा गरम सूपचा वाडगा घेऊन तिच्याशेजारी बसला. त्याचं घर आता नव्हतं.

"मी दर वेळी तुला म्हणायचो, बघून चालत जा."

"मी बघूनच चालते, मामा," मिओरी म्हणाली. "मी पुन्हाही पडेन. पण दर वेळी चूक माझीच असेल असं नाही."

मामाने वाडगा खाली ठेवला. मग तिच्यापुढे, मोठ्या माणसापुढे वाकावं तसा, तो खाली वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.