सरपण आणि तळटीप

इतिहास परिषदेत दुपारचा चहा वेळेवर आला नाही, तेव्हा संयोजकांनी मोठ्या विश्वासाने तिच्याकडे पाहिलं.

"मॅडम, जरा आत जाऊन बघता का? तुमचाच विषय आहे."

तिचा विषय होता चूल. कोणत्या काळी लोक काय जाळत, ते कोण गोळा करून आणी, धूर कुठून जाई आणि वाटेत कोणाच्या डोळ्यांत जाई, हे ती कित्येक वर्षं शोधत होती. स्वतः चहा करण्याशी तिचा संबंध पिण्यापुरता होता.

तिने चहाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या उंच माणसाकडे बोट दाखवलं. "हे वेढ्यांवर लिहितात. बाहेर फाटकाशी गाड्या अडकल्यात. यांना पाठवा ना कोंडी फोडायला!"

रांग हसली. तो कानापर्यंत लाल झाला.

"कोंडी फोडणं माझ्याकडे येत नाही," तो म्हणाला. "मी वेढा घालणाऱ्यांच्या बाजूचा."

"मग... किती वेळ लागतो साधारण?"

"समोरचं माणूस किती हट्टी आहे त्यावर."

चहा आला तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तिचा निबंध जेवणानंतर होता, लहान खोलीत, 'संकीर्ण' या सदराखाली. अध्यक्षस्थानी 'सर' होते. सरांना नाव लागत नसे. एका मोठ्या किल्ल्याच्या पाडावावर त्यांचा ग्रंथ होता आणि त्यात किल्लेदाराच्या बायकोने फितूर होऊन आतून दार उघडलं, हे त्यांनी कायमचं सिद्ध केलं होतं. "आता जड विषयांतून थोडी विश्रांती," सर म्हणाले. "बाई आपल्याला स्वयंपाकघरात घेऊन जाणार आहेत." श्रोते समजूतदारपणे पेंगले. मागच्या बाकावर फक्त तो उंच माणूस जागा होता. तो सरांचाच विद्यार्थी; त्याच किल्ल्यावर पुस्तक लिहीत होता.

पुढे ग्रंथालयात ती दोघं समोरासमोर बसू लागली. टेबल लांबलचक होतं, खुर्च्या भरपूर रिकाम्या होत्या, तरीही.

"कोण आहे?" घरी ताईने विचारलं.

"कोण म्हणजे? वेढेकर."

"आडनाव?"

"नाही गं, धंदा."

एका ओलसर दुपारी, काचेवर पाऊस टिचक्या मारत असताना, त्याने तिला आपला किल्ला समजावून सांगितला. कोठारात धान्य भरपूर, टाकी पाण्याने भरलेली, दारूगोळा शिल्लक. तरी किल्ला पडला. म्हणजे फितुरीच.

"धान्य शिजवलं कशावर?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे कोरडंच चावलं का?"

"सरपण... असेलच की."

"कुठून? शत्रू लांबून दिसावा म्हणून डोंगरावरची झाडं आधीच तोडली होती. तुझ्याच पहिल्या प्रकरणात आहे." ती 'तू' म्हणाली हे दोघांनीही ऐकलं आणि दोघांनीही सोडून दिलं.

"पण आतली घरं... दारं, खिडक्या, तुळया, काहीच उरलं नव्हतं. ते शत्रूने जाळलं, असं सर म्हणतात."

"शत्रू किल्ला जिंकून आत राहायला आला ना? मग स्वतः झोपायच्या घरांची दारं जाळली त्याने?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा काढायला गेला. मधे घालायचा राहून गेला होता. वेढ्यातल्या बायकांनी आधी फाटी जाळली, मग खाटा, मग दारं. शेवटी जाळायला काही उरलं नाही, तेव्हा भरल्या कोठाराशेजारी पोरं उपाशी निजू लागली आणि एका बाईने दार उघडलं. इतक्या विद्वानांनी पोती मोजली होती. चूल पेटली का, हे कोणी विचारलं नव्हतं.

प्रेमात पडताना लोकांना म्हणे चांदणं दिसतं. त्याला आपलं चौथं प्रकरण साफ चुकलेलं दिसलं, आणि त्या संध्याकाळी तो घरी शीळ घालत गेला.

पुस्तकाचा पुरा खर्डा त्याने तिलाच आधी वाचायला दिला. चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं : 'बारकाईने पाहता असे दिसून येते की सरपण संपले होते.' आणि मनोगताच्या शेवटी : 'घरगुती विषयांवरील आनंददायी गप्पांबद्दल एका स्नेही भगिनींचे आभार.'

"भगिनी?"

"ते... सर वाचणार ना. तशी पद्धत आहे."

"ते राहू दे. बारकाईने कोणी पाहिलं?"

"म्हणून तर आभार मानलेत!"

"आभार नकोत मला. तळटीप हवी."

"फरक काय पडतो?"

"आभार मानले की माणूस मिटतं. तळटीप दिली की त्याला शोधता येतं, भांडता येतं, तू चुकलीस म्हणता येतं. सर तुझ्या पानापानाखाली आहेत. मी भगिनींत."

"सर प्रस्तावना देणार आहेत. त्यांची फितुरी चुलीत गेली हे त्यांना कळलं तर—"

"चुलीत कशी जाईल? घालायला काही नव्हतं, हाच तर शोध आहे. माझा."

ती उठून गेली. पुढचे कित्येक महिने ग्रंथालयात ती दुसऱ्या टोकाला बसली. या काळाची कुठेही नोंद नाही.

पुढच्या परिषदेत तिने किल्ल्यातल्या सरपणावर निबंध वाचला. खोली लहानच, अध्यक्ष सरच.

"छान," सर म्हणाले. "बाईंची कल्पनाशक्ती दांडगी आहे. पण किल्ले काही स्वयंपाकघरातून लढवत नाहीत. कोणाचे प्रश्न? नसावेत."

"माझी हरकत आहे," मागून आवाज आला.

तो उभा होता. हातात छापखान्यातून आलेली मुद्रितं होती.

"माझ्या पुस्तकाचं चौथं प्रकरण यांच्या शोधावर उभं आहे. तळाला यांचं नाव आहे. किल्लेदाराची बायको फितूर नव्हती." सरांकडे न पाहता तो तिच्याकडे वळला. "पण सगळं लाकूड घरांतच संपलं, हे मला पटत नाही. बरंचसं लोहारांच्या भट्टीत गेलं."

"पुरावा?" ती म्हणाली.

"भट्टीमागचे राखेचे ढीग."

"ते नंतरचे."

"कशावरून?"

ती सांगत गेली, तो खोडत गेला. सरांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले. श्रोते पांगले, शिपाई किल्ल्या वाजवून गेला. तिच्याशी आजवर कोणी इतकं प्रेमाने बोललं नव्हतं.

बाहेर जिन्यात दोघं पायरीवर बसली.

"आता प्रस्तावना मिळायची नाही," तो म्हणाला.

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय. तू लिहिशील?"

"मी हंगामी प्राध्यापिका. माझ्या नावावर एक प्रत जास्त खपायची नाही. शिवाय दुसऱ्या प्रकरणाची मी चिरफाड करणार."

"कर. आणि... मला तू आवडतेस."

"आधार?"

"प्रत्यक्ष साक्षीदार आहे. मी."

"एका साक्षीदारावर कोणी विश्वास ठेवत नाही."

"मग दुसरी तू हो."

तिने मुद्रितं ओढून घेतली आणि पेनाचं टोपण उघडलं. दुसऱ्या प्रकरणातली पहिली चूक तिसऱ्याच ओळीत सापडली. ती दाखवायला तिने त्याचा हात धरून ओळीवर नेला, आणि चूक दाखवून झाल्यावरही सोडला नाही.