एकच प्रत

धरण कार्यालयातल्या दोनशे चौदा जणांनी बुधवारपासून अंघोळ केली नव्हती. वास यायचा तो येतच होता, पण कोणी कोणाला बघून नाक मुरडायचं? पेल्यातलं पाणी दिसलं तरी सगळ्यांना घाम फुटे; डोळे मिटून घोट घ्यावा लागे. गजेंद्र वाघचौरेचे हाल सर्वांत वाईट. दोन वर्षांच्या ओवीला अंघोळ घालणं हे घरात त्याचं काम, आणि आता नळ सोडला की तो जिन्याखाली पळत होता.

"मॅडम, मला एक भाऊ आठवतो," तो डॉ. उर्मिला टिळेकरांना म्हणाला. "बबन. कालव्यात वाहून गेला. माझ्या हातातून त्याचा हात सुटला. अहो, पण मला भाऊच नाही! मी एकुलता एक!"

कार्यालयात 'कोठी' बसवली ती याच बाईंनी. पूर्वी प्रत्येक संगणकात त्याच त्या मदतनीस प्रोग्रॅमची वेगळी प्रत असायची. मग एकच प्रत मधोमध ठेवून सगळ्या टेबलांनी ती वापरायची, अशी सोय निघाली. बाईंनी तेच मेंदूंसाठी केलं. कानामागे टिकली चिकटवली, की धरणाची पातळी जोखण्याचं कसब कोठीतून डोक्यात उतरायचं. ते कसब कार्यालयातल्याच शेंडगेबाईंचं होतं, कारण त्यांच्याइतकी तयार नजर कोणाचीच नव्हती.

"बबन शेंडगेबाईंचा भाऊ," टिळेकर म्हणाल्या. "कसब एकटं उभं राहत नाही, त्याला टेकू लागतात. बाईंच्या नजरेचा टेकू म्हणजे ती पाण्याची भीती. हा टेकू नव्हता म्हणून तुम्हा सगळ्यांच्या चुका होत होत्या. बुधवारी आम्ही तो जोडला."

"मग माझी टिकली काढा."

"काढते, पण आधी ऐका. कोठीत एका गोष्टीची एकच प्रत राहते. बाईंची भीती आली, तेव्हा तुमची स्वतःची जादा ठरून पुसली गेली. टिकली काढली तर तुमच्यापाशी काहीच उरणार नाही."

"भीतीच ना? तिचं काय लोणचं घालायचंय?"

टिळेकर हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आठवडाभर थांबा, वाघचौरे. मी हात जोडते."

"पोरगी जवळ येत नाही हो माझ्या," तो म्हणाला आणि त्याने टिकली काढण्याच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी ओवी टबात बसून खिदळत होती. गजेंद्रला किती दिवसांनी हलकं वाटत होतं. पुढे सरकताना ओवी घसरली आणि आडवी झाली. पाणी तिच्या नाकावरून गेलं. गजेंद्र स्टुलावर बसून बघत राहिला.

त्याची बायको रेवती किंचाळतच आत आली. तिने लेकीला उपसून उराशी धरलं. ओवी ठसकली, खोकली आणि मग टाहो फोडून रडू लागली. रेवतीने तिला टॉवेलात गुंडाळलं.

"अहो, समोर बसून काय करत होतात तुम्ही?"

गजेंद्रने मनापासून विचार केला. ही एवढी का ओरडते आहे, ते त्याला खरंच कळेना.

"बुडबुडे बघत होतो," तो म्हणाला. "आण तिला इकडे, साबण लावायचा राहिलाय."